पितळेला कल्हई, मातीला झिलई

कैरीचा मोसम जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या घरी माळ्यावरच्या बरण्या खाली उतरतात. धुऊन, उन्हात वाळवून, हिंगाची धुरी देऊन त्या तयार होतात. एखादीला तडा गेलेला असतो, एखादीचे झाकण फुटलेले असते. मग नवी बरणी आणायचे ठरते. दुकानात गेल्यावर आपण काय पाहतो? आकार पाहतो, रंग पाहतो, झाकण नीट बसते का ते पाहतो आणि भाव करतो. पण बरणीवरची ती चकाकी कशाची आहे, आणि ती वर्षभराच्या लोणच्याला पुरी पडेल का, हे काही आपण विचारत नाही.

मी विचारले होते, मैत्रिणींनो, आणि तरीही फसले. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला एक बरणी फार आवडली. हिरवीगार, आतूनबाहेरून काचेसारखी लखलखणारी. विकणाऱ्याला म्हटले, “यात लोणचं ठेवलं तर चालेल ना?”

“अहो ताई, काहीही ठेवा!”

घरी आणून तिच्यात लिंबाचे लोणचे भरले. बिनतेलाचे, नुसते मीठ-साखरेचे. आमच्या धाकटीला मऊभाताबरोबर त्याचा रस फार आवडतो. तीन महिन्यांनी लोणचे तळाला गेले, तेव्हा सासूबाईंनी बरणी खिडकीशी नेली आणि मला हाक मारली.

“अगं, हिचा रंग कुठं गेला?”

मी आत डोकावून पाहिले. जिथपर्यंत लोणचे होते तिथपर्यंत आतला हिरवा रंग फिका, खरबरीत, मेलेला. त्याच्या वर पूर्वीसारखाच चकचकीत. मधोमध अगदी रेघ मारल्यासारखी खूण. म्हणजे तो रंग, आणि त्याच्याबरोबर जे काही असेल ते, लोणच्यात उतरले होते. आणि लोणचे कुठे गेले होते, ते सांगायला नको.

उरलेले लोणचे त्याच दिवशी फेकले. डॉक्टरांनी धाकटीचे रक्त शिसे तपासण्यासाठी पाठवले. निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी काय काय मनात आणले, ते आई असलेल्या कोणालाही समजेल. सुदैवाने काळजीचे काही निघाले नाही. बरणी घेऊन मी विकणाऱ्याकडे गेले, तर तो म्हणतो, “ही शोभेची वस्तू आहे ताई, यात लोणचं कोण भरतं?”

आता दुसरी बरणी पाहा. सासूबाईंची. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, अशी आपल्याकडे घरोघर असते तसली. चाळीस वर्षे तिच्यात कैरी, लिंबू, मिरच्या मुरल्या. तरी आतून अजून अशी गुळगुळीत, की बोट फिरवावे. एक बरणी चाळीस वर्षे टिकते आणि दुसरी तीन महिन्यांत झिजते, असे का? हे समजून घ्यायला मी दोन्ही बरण्या पिशवीत घालून चिनीमातीची भांडी करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे गेले. त्यांनी मला अख्खा दिवस भट्टीशी बसवून जे शिकवले, ते आज तुम्हाला सांगते.

झिलई म्हणजे काच

आपल्या आज्यांच्या काळी पितळेच्या पातेल्याला कल्हई असे. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली की कळकायची, म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघायची. पितळेला जशी कल्हई, तशी मातीला झिलई. मात्र एक मोठा फरक आहे. कल्हई पुन्हा लावता येते. झिलई एकदा गेली की घरी परत चढत नाही.

ही झिलई म्हणजे रंग नव्हे, रोगण नव्हे. ती आहे काच. भांड्याच्या अंगावर भट्टीत वितळून घट्ट बसलेला काचेचा पातळ थर. काच होते गारगोटीच्या पुडीपासून. पण नुसती गारगोटी वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तेवढ्यात भांडेच वितळून बसेल. म्हणून तिच्यात असे पदार्थ घालतात, की जे तिला कमी उष्णतेत वितळवतात. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकले की बर्फ लवकर पाझरतो ना, तसेच. फेल्डस्पार नावाचा खनिज दगड, चुनखडी, टाकणखार, लाकडाची राख, ही सगळी त्यासाठी वापरतात. शिसेही त्याच कामाला येते, पण त्याची गोष्ट पुढे. तिसरा पदार्थ म्हणजे थोडी चिनी माती. कढीला बेसन लावले नाही तर ती पांचट होते. तशी चिनी माती नसली तर वितळलेली झिलई भांड्यावरून ओघळून खाली जाते.

आपल्याकडचा गावचा कुंभार मडके घोटून गुळगुळीत करतो, त्याला गेरू लावतो. त्यालाही चमक असते, पण ती झिलई नव्हे. त्या मडक्याची छिद्रे उघडीच असतात.

माठाला झिलई का नको?

आणि ती उघडी असतात हेच बरे. साधी भाजलेली माती स्पंजासारखी असते. माठातले पाणी त्या छिद्रांतून बाहेर झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ गार. माठाला झिलई चढवली तर पाणी झिरपायचे थांबेल आणि ते कोमटच राहील. दह्याच्या मडक्याचेही तसेच. मडके जादा पाणी शोषून घेते, म्हणून दही घट्ट लागते.

लोणच्याचे उलट. तेल, मीठ, आंबट रस मातीत शिरले की भांडे खवट होते, बुरशी धरते आणि कितीही घासले तरी वास जात नाही. धातूत ठेवावे, तर आंबट आणि खारट दोन्ही मिळून त्याला खातात. तिथे हवी झिलई. ती काही शोषत नाही, कशात मिसळत नाही, धुतली की स्वच्छ. नीट भाजलेल्या झिलईवर लिंबाचा, चिंचेचा परिणाम जवळजवळ होत नाही. न्हाणीघरातल्या फरशा, बशा-कप, बेसिन, सगळीकडे झिलई असते ती याच गुणासाठी.

झिलई चढते कशी

चांगल्या बरणीला बहुधा दोनदा भट्टीत जावे लागते. चाकावर किंवा साच्यात घडवलेली, पूर्ण वाळलेली बरणी पहिल्यांदा सुमारे ९०० ते १००० अंशांवर भाजतात. ती कडक होते, पण पाणी शोषणारी राहते. आणि तशीच ती हवी असते.

झिलईचे सगळे पदार्थ अगदी मऊ दळून पाण्यात कालवतात. दाट ताकाइतके किंवा पातळ सायीइतके. त्या बाईंनी आधी ओल्या स्पंजाने बरणीवरची धूळ पुसली. मी मदत म्हणून बरणी उचलायला गेले, तर म्हणाल्या, “आधी हात धुवा हं. डोक्याला तेल लावलेला हात लागला तरी तिथं झिलई धरत नाही.” तेलकट जागेवरून वितळलेली झिलई आखडून बाजूला सरते आणि मधे उघडी माती दिसते.

मग आधी आतली बाजू. तांब्याने झिलई बरणीत ओतायची, बरणी गोल फिरवायची आणि लगेच रिकामी करायची. भांडे पाणी शोषून घेते आणि पुडीचा थर भिंतीला चिकटून राहतो, आमटीत कोरडी भाकरी घातल्यासारखा. नंतर बाहेरची बाजू. बरणी उपडी धरून बादलीत बुडवायची, दोन-तीन सेकंद, की बाहेर. खांद्यापर्यंत एका झिलईत आणि पोट दुसऱ्या झिलईत बुडवले, की झाली आपली दुरंगी बरणी! मोठे भांडे बुडवता येत नाही, तेव्हा त्यावर झिलई ओतून घेतात, फवारतात किंवा कुंचल्याने दोन-तीन हात देतात. थर पातळ पडला तर खरबरीत राहतो, जाड पडला तर ओघळतो. हा अंदाज हातालाच येतो, पुस्तकाने येत नाही.

शेवटी बरणीचे बूड पुसून कोरे करायचे. नाहीतर वितळलेली झिलई बरणीला भट्टीतल्या फरशीशी चिकटवून टाकते. म्हणून बहुतेक बरण्यांच्या बुडाशी कोऱ्या मातीची कड असते. ही कड लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

मग दुसरी भट्टी. साध्या लाल मातीच्या भांड्याची झिलई बहुधा ९०० ते ११०० अंशांवर वितळते. पण लोणच्याची पक्की बरणी, जिला स्टोनवेअर म्हणतात, ती १२०० ते १३०० अंशांपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेत नुसती झिलईच नव्हे, आतली मातीही दगडासारखी एकजीव होते. उष्णता पुरी झाली हे कळायला भट्टीत मसाल्याचे लहान शंकू ठेवतात. ठरलेली आच लागली की शंकू मान टाकतो. आपण पाकाची तार बघतो, तसे ते शंकूची मान बघतात. आणि भट्टी थंड होईपर्यंत धीर धरायचा. घाईने दार उघडले तर गार वाऱ्याने भांडी तडकतात.

आणखी एक रीत ऐकून तर मला नवलच वाटले. आपले स्वयंपाकातले मीठ! भट्टी खूप तापली, म्हणजे बाराशे अंशांच्या वर गेली, की तिच्यात मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या गारगोटीशी मिळतो आणि भांड्यावर आपोआप काच चढते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची. जर्मनीत शेकडो वर्षे अशा सुरया होत. सांडपाण्याचे जुने तपकिरी, चकचकीत नळही असेच झिलईदार केलेले. मात्र त्यातून आम्लाचा धूर निघतो, म्हणून वस्तीत ही भट्टी लावता येत नाही.

रंग येतात कुठून?

झिलईतले रंग धातूंचे असतात. लोखंडाच्या गंजाने मधापासून काळपट तपकिरीपर्यंत छटा येतात. सासूबाईंच्या बरणीचा खांदा त्यातलाच. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळट तपकिरी, तांब्याने हिरवा. कथील घातले की झिलई दुधासारखी पांढरी होते. भट्टीत हवा किती, यावरही रंग बदलतो. हवा कोंडली तर तेच हिरवे तांबे लाल रंग देते.

झिलई आणि माती यांचे जमावेही लागते. ब्लाउजचे अस्तर पहिल्या धुण्यात आटले आणि वरचे कापड आटले नाही की काय होते? झोळ येतो, शिवण ताणते. तसेच थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आटली, तर ती ताणून फुटते आणि भांडेभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. फुलदाणीवर त्या शोभतात. लोणच्याच्या बरणीत मात्र रस त्याच रेषांतून मातीत शिरतो.

शिशाची गोष्ट

आता माझ्या हिरव्या बरणीकडे या. ती लाल मातीची, कमी आचेत भाजलेली होती. आणि बाईंना जी शंका आली, ती शिशाची.

मारुतीला वाहतात तो पारंपरिक शेंदूर आणि जुन्या औषधी दुकानातले मुरदाडशिंग, ही दोन्ही शिशाचीच संयुगे. झिलईसाठी ती पूर्वीपासून जगभर वापरली गेली. कारण शिसे गारगोटीला थोड्या उष्णतेत वितळवते, लाकडाच्या साध्या भट्टीतही काम भागते, झिलई सारखी पसरते, चूक झाकते आणि अशी काही लखलखते की नजर ठरत नाही. गरीब कारागिराला ते सोयीचे पडले, त्यात त्याला दोष देऊन काय होणार? ते दळताना, लावताना पहिला धोका तर त्याच्याच घराला असतो.

पण ही झिलई कच्ची भाजली गेली किंवा तिचे प्रमाण चुकले, तर आंबट पदार्थ तिच्यातले शिसे ओढून घेतो. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, ताक, सगळेच. त्यातून रंगासाठी तांबे घातलेले असेल तर शिसे आणखी सहज सुटते. म्हणजे कमी आचेची हिरवी झिलई आणि आत लिंबाचे लोणचे! याहून वाईट जोडी मला निवडता आली नसती.

शिशाला चव नाही, वास नाही. उकळून ते जात नाही. मोठ्यांना पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय होतो. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि पोटातल्या बाळापर्यंतही ते पोहोचते. शरीरात अमुक इतके शिसे असले तरी चालेल, अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅनडातील माँट्रियल शहरातली एक हकीकत १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. घरात सफरचंदाचा रस झिलईच्या मातीच्या सुरईत ठेवत असत. तो पिऊन शिशाची विषबाधा झाली आणि एक लहान मुलगा दगावला. रस चांगला होता. दोष भांड्यात होता. मेक्सिकोत शिशाच्या झिलईची भांडी स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि तिथे कुंभारांना बिनशिशाची झिलई शिकवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे.

याचा अर्थ सगळ्या झिलईला भ्यायचे असा नाही, बरं का. पक्क्या आचेच्या बरणीला शिशाची गरजच पडत नाही. तिची काच फेल्डस्पार आणि चुन्यावर होते.

बरणी घेताना

१) बरणी उलटी करून बुडाची कोरी कड पाहा. तिथे पाण्याचा थेंब ठेवा. थेंब लगेच शोषला गेला तर माती कच्ची, सच्छिद्र आहे. थेंब तसाच राहिला तर भाजणी पक्की.

२) बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत नाद आला तर चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणी कमी.

३) उजेडात धरून आतली बाजू पाहा. बारीक रेषांचे जाळे, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, झिलई न चढलेले डाग असतील तर परत ठेवा. रेषा दिसत नसतील तर घरी शाई फासून पुसून पाहा. रेषेत शाई राहते. मग बरणी स्वच्छ धुऊन घ्या.

४) आतून पांढरी किंवा फिकी बरणी निवडा. भडक हिरवा, लाल, नारिंगी, पिवळा बाहेर असू दे. लाल-पिवळ्या रंगात कॅडमियम नावाचा दुसरा घातक धातूही असू शकतो.

५) “अन्नासाठी आहे का? शिसे नाही ना?” असे विचारा आणि पावतीवर लिहून मागा. तोंडी “काहीही ठेवा”ची किंमत मी मोजली आहे.

६) घरी बरणीत व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. झिलई फिकी पडली, खरबरीत झाली, तर ती अन्नाला नालायक. पण काही दिसले नाही म्हणजे शिसे नाही, असे मात्र समजू नका. शिसे डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास भांड्यात ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजतात. खरी परीक्षा तीच.

७) जयपूरची निळी भांडी सुरेख असतात, पण ती कुंभाराच्या नेहमीच्या मातीची नसतात. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक यांची, कमी आचेवर भाजलेली. त्यात फुले ठेवा, लोणचे नको.

बरणी सांभाळताना

कडकडीत फोडणी थेट बरणीत ओतू नका, पुरती निवू द्या. एकदम तापल्याने झिलईला चिरा जातात. तारेच्या घासणीने आतून घासू नका, मऊ कापड आणि साबण पुरे. धुतल्यावर एक-दोन दिवस कडक ऊन द्या आणि मगच धुरी. तोंडाला स्वच्छ दादरा बांधा. आतून टवका उडालेली किंवा तडा गेलेली बरणी लोणच्याला पुन्हा वापरू नका, मग ती आजेसासूबाईंची का असेना. तिच्यात छत्र्या ठेवा, तुळशीशेजारी मांडा. आणि कुठल्या भांड्याची शंका आली, घरात लहान मूल असले, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. लाजायचे काय त्यात?

माझी हिरवी बरणी आता दिवाणखान्यात आहे, तिच्यात विणायच्या सुया असतात. येणारी प्रत्येक जण विचारते, “किती छान! कुठून घेतली?” तेव्हा सासूबाई आतून तिखटपणे म्हणतात, “बाहेरूनच बघा हो, आत डोकावू नका.”

यंदा नवी बरणी घ्याल तेव्हा आधी तिचे बूड पाहा आणि पाण्याचा एक थेंब ठेवा. दुकानदार हसेल. हसू द्या.